शेंदरी गाडीची शेवटची फ्रेम

१

बैहर घाटातल्या मोठ्या वळणाखाली, सागाच्या दोन झाडांत अडकलेली शेंदरी गाडी पहिल्यांदा दिसली ती एका दूधवाल्याला. त्याने बुलेट थांबवली, कठड्यावरून खाली वाकून पाहिलं आणि आधी गाडीच ओळखली. बालाघाटात तसली गाडी एकच होती. मग त्याला गाडीच्या खालच्या अंगाला पडलेला माणूस दिसला. दातांचे डॉक्टर अनुराग पांढरीपांडे. गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा तसाच होता.

दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी ती स्पोर्ट्स कार अनुरागने नागपुरात जुनी घेतली होती. ती पळवण्यापेक्षा उभी करण्यातच त्याला जास्त गोडी. रविवारची पहाट झाली की गाडी न्यायची, कधी वैनगंगेच्या पुलावर, कधी भरवेलीच्या मॅंगनीजच्या काळ्या ढिगांपुढे, कधी गांगुलपाऱ्याच्या पाण्याकाठी, आणि ऊन कलंडेपर्यंत फोटो काढत बसायचं. लोक हसत. मग तेच लोक तो फोटो आपल्या मोबाइलवर लावत.

त्याची बायको माणिक सरकारी दवाखान्यात एक्स-रे आणि सोनोग्राफी वाचणारी डॉक्टर. ती रडली नाही. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. बायकांनी ते नीट ध्यानात ठेवलं. तिला स्वतःलाही त्याचं नवल वाटत नव्हतं. अनुराग पेशंटच्या हिरडीत सुई द्यायचा, मग पेशंट गालाला बोटं लावून बघायचा, गाल आहे ना जागेवर. तिचं तसंच झालं होतं. सगळं जागेवर होतं, फक्त हात लावला तर कळत नव्हतं.

पोलिसांचा निष्कर्ष सरळ होता. उतारावर गाडी उभी करून डॉक्टर पुढ्यात गुडघ्यावर बसले, हँडब्रेक सुटला, गाडी त्यांना घेऊन दरीत गेली. आदल्या दिवशी हँडब्रेकचं काम नथ्थू मिस्त्रीने केलं होतं. त्याला हलगर्जीपणाच्या कलमाखाली उचललं. गॅरेजला कुलूप लागलं.

तेराव्यानंतरच्या दुपारी नथ्थूची बायको आनंदी दारात येऊन उभी राहिली. सासूबाईंनी, विमलाबाईंनी, तिला पाणी दिलं आणि त्या आत निघून गेल्या.

"डाक्टरीणबाई," आनंदी म्हणाली, "माह्या माणसानं ब्रेक चांगला आवळून कसला होता जी. साहेबानं सोता चढावर गाडी लावून पाह्यली. मंग नेली. तुमच्यापाशी काही मांगाले नाही आली मी. फकत सांगाले आली."

ती गेली. माणिक बराच वेळ उंबऱ्यापाशीच उभी होती. मग तिने पोलिसांनी परत केलेली कॅमेऱ्याची मोठी बॅग कपाटातून काढली. आल्या दिवसापासून ती तशीच बंद होती. वरचा कप्पा उघडून तिने फक्त कॅमेरा घेतला, त्यातलं कार्ड संगणकाला लावलं, आणि त्या सकाळचे फोटो एकेक करून, रोज एक्स-रे बघते तसे, बघायला लागली.

शेवटचा फोटो हललेला होता. पोलिसांनी तो बिघडलेला म्हणून सोडून दिला होता. माणिकने तो पुन्हा पाहिला, मग त्याच्या आधीचा पाहिला. दोन्ही शेजारी लावले.

मग तिने फोन उचलून ठाण्यात लावला आणि सपाट आवाजात सांगितलं, "अनुराग एकटा नव्हता. गाडीत कुणीतरी बसलेलं होतं."

२

ठाण्याच्या प्रमुख, टी.आय. साधना उइके संध्याकाळी घरी आल्या. शांत, जाडजूड बाई. खुर्चीत बसताना टोपी मांडीवर ठेवायची त्यांना सवय होती.

"दाखवा, मॅडम."

माणिकने पडदा त्यांच्याकडे वळवला. "हा शेवटून दुसरा. गाडीचं तोंड उताराकडे आहे. तिच्या उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी. अनुराग पुढे, दरीच्या बाजूला बसलाय. आता पुढचं चाक बघा. काय दिसतं?"

"चाकाची चकती. चमकणारी."

"चकती दिसावी म्हणून चाकं मुद्दाम वळवतात. कॅमेऱ्याच्या उलट दिशेला. गाड्यांचे फोटो काढणारे सगळेच असं करतात, नाहीतर नुसतं काळं रबर दिसतं. म्हणजे इथे चाकं डोंगराकडे वळलेली आहेत. ब्रेक सुटला असता तर गाडी अनुरागपासून लांब गेली असती. डोंगराच्या कडेला नालीत जाऊन थांबली असती."

साधनाबाई पुढे वाकल्या.

"आता शेवटचा. हललाय, पण चाक कळतं. गाडी जवळ आलीय आणि चकती दिसत नाही. रबर दिसतंय. चाकं त्याच्याकडे वळलीत."

"सरकते सरकते अपने आप घूम गया होगा?"

"थोडं फिरेल. इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत नाही. ते हातानेच होतं."

साधनाबाईंनी काचेवर बोट ठेवलं. गाडीची पुढची काच पांढरीफटक होती, तिच्यात नुसतं आभाळ. "आत तर कुणी दिसत नाही."

"काचेचा आरसा झालाय. आत दहा माणसं असती तरी दिसली नसती."

साधनाबाई मागे टेकल्या. मग म्हणाल्या, "एक गोष्ट आम्हालाही खटकलेली. गाडीची ड्रायव्हरची सीट पुढे ओढलेली होती. आम्ही समजलो, पडताना सरकली. डॉक्टरसाहब तर चांगले ऊंचे-पूरे होते." त्यांनी माणिककडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. नजरेत राग नव्हता, नुसतं माप होतं. "तुमची उंची किती असेल, मॅडम?"

"पाच फूट एक," माणिक म्हणाली.

"आणि त्या सकाळी तुम्ही?"

"झोपले होते. माझ्या खोलीत."

"कोणी पाहिलं?"

"नाही."

साधनाबाईंनी टोपी घातली. "लोक म्हणतात, तुम्ही रडल्या नाहीत. मी ते मनावर घेत नाही. मेरे पिताजी गए तब मैं भी नहीं रोई थी." त्या दाराशी थांबल्या. "लेकिन बालाघाट छोड़कर कहीं जाइएगा मत."

३

मोहितचा फोटो स्टुडिओ हनुमान चौकाजवळच्या गल्लीत होता. लग्नांचे फोटो काढून पोट भरायचं आणि रविवारी अनुरागबरोबर शेंदरी गाडीचे काढून मन. गेली काही वर्षं दोघांचा तो नेम चुकला नव्हता. त्या एका रविवारी मात्र मोहित गेला नव्हता.

माणिक आत आली तसा तो उठून उभा राहिला आणि त्याला हात कुठे ठेवावे ते कळेना.

"का गेला नाहीस?" तिने विचारलं.

"डॉक्टरसाबनेच मना केलं, वहिनी. आदल्या सांझेला फोन आला. म्हणाले, उद्या तू नको येऊ, घरचं माणूस येऊन राह्यलं." तो खाली बघू लागला. "मी कोणाले बोललो नाही. पोलीसवाले आले, तेव्हा पण नाही. मला वाटलं... मला वाटलं, तुम्हीच गेल्या होत्या."

"आणि तरी बोलला नाहीस?"

"क्या बोलता. ते तर गेले. तुम्हाला अडकवून काय भेटणार होतं मला?"

इतके दिवस या माणसाने आपल्याला खुनी समजून झाकलं, हे माणिकला कळलं. कृतज्ञता वाटायला हवी होती किंवा संताप. तिने दोन्ही शोधून पाहिलं. काहीच हाताला लागलं नाही.

"अजून काही बोलला का तो फोनवर?"

मोहित आठवू लागला. "फोनवर नाही. पण चार-पाच दिवस आधी दुकानात आले होते. दोन फोटो घेऊन. एक दिवाळीचा, एक आत्ताचा. म्हणे, डाव्या बाजूचा रंग बघ, माझ्या कॅमेऱ्याचा दोष आहे की रंगाचा? मी म्हटलं, रंगाचाच आहे. दुपारच्या उन्हात काही कळत नाही, पण तिरपं ऊन पडलं की पुढचा डावा पत्रा आणि बंपर जरा मरतो. दुबारा रंगवलाय. कोणी भिडवली काय गाडी? तर फोटो उचलले आणि गेले."

"नथ्थूकडे रंगवली असेल?"

"नथ्थूलेही विचारलं त्यांनी. तो म्हणाला, मी नाही जी, मी रंगकाम करतच नाही."

माणिक घरी आली. बाहेरच्या खोलीत तिचा दीर रजत सासूबाईंना पेपर वाचून दाखवत होता. अनुरागपेक्षा तो पुष्कळ लहान, आईच्या वळणावर गेलेला, बेताच्या उंचीचा. राज्य सेवेच्या परीक्षेत त्याची निवड झाली होती, नेमणुकीचं पत्र आलं होतं, भावाचं दुःख म्हणून हजर होण्याची तारीख त्याने पुढे मागून घेतली होती. दरीतून अनुरागला वर आणताना त्याचे कोपर, तळवे खरचटले होते. खाली उतरलेल्या सगळ्यांचेच खरचटले होते.

"वहिनी, जेवून घ्या," तो म्हणाला.

"नंतर," माणिक म्हणाली आणि आत जाऊन पुन्हा कार्ड लावलं.

या वेळी ती त्या सकाळच्या मागे गेली. घाटाच्या फोटोंच्या आधी काही फोटो होते ज्यांच्यावरून पोलिसांची आणि तिचीही नजर घसरून गेली होती. एक डांबरी रस्ता. रस्त्याचं वळण. बाभळीचं झाड. धानाच्या कापलेल्या शेताच्या कडेचं एक घर. अनुरागने रस्ता काढला की त्याच्यावर गाडी असायची. या फोटोंमध्ये गाडी कुठेच नव्हती.

४

रस्त्याकडेच्या दगडावर किरनापूरचं नाव वाचता येत होतं, त्यामुळे जागा सापडायला कष्ट पडले नाहीत. माणिकने बाभळीखाली स्कूटर लावली. फोटोतल्या घराच्या अंगणात एक म्हातारी सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिने मान वर केली, स्कूटर पाहिली, माणसाला पाहिलं.

"कोनाकडं आल्या, बाई?"

माणिकने मोबाइलवर अनुरागचा फोटो काढून पुढे धरला. "हे इथे आले होते का?"

म्हातारीने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "हौ. आलता ना. उंच मानूस. इथंच बसलता, तुम्ही उभ्या हा तिथं. पानी देल्लं तं पेला नाही. कोन लागतो तुमचा?"

"माझे यजमान."

"बसा मंग."

तिचं नाव शांताबाई. तिचा म्हातारा महागू थंडीत गेला. दिवेलागणीला शेतातून परत येत होता, त्या वळणावर मागून गाडीने उडवला. गाडी थांबली नाही. थोडी पुढे जाऊन हळू झाली, असं शांताबाईला वाटलं, मग निघून गेली. ती धावत गेली तेव्हा म्हातारा बोलत होता. रात्री बोलायचा राहिला.

"कधीची गोष्ट?" माणिकने विचारलं. शांताबाईने पंचमीच्या हाटाचा दिवस सांगितला. माणिकने मनात हिशेब केला. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. ती आणि अनुराग त्यांना घेऊन नागपूरला होते तो आठवडा.

"तुमचा मानूस लय येळ त्या वळनाकडं पाहत बसला," शांताबाई सांगत होती. "मंग म्हने, इथं काही भेटलं होतं काय? मी म्हटलं, एक टुकडा भेटला होता. पोलिसाले देल्ला, तं त्यानं फेकून देल्ला, म्हने कोनत्याही गाडीचा राह्यते. मी उचलून ठेवला. काहून ठेवला, मलेच मालूम नाही. त्यानं मांगतला, मी देल्ला."

"कसला तुकडा?"

"प्लास्टिकचा. शेंदरी." तिने सूप खाली ठेवलं. "हनुमानाच्या मूर्तीले राह्यते ना, तसा. पन चमके."

माणिक ऐकत होती. समोर ही बाई नवऱ्याचं मरण सांगत होती आणि आपणही विधवा आहोत हे तिला सांगावंसं वाटत होतं, पण ते वाक्य कसं सुरू करायचं तेच सुचेना.

शांताबाईनेच तिच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं. "तोही गेला काय?"

"हो."

शांताबाई उठली, आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली. माणिक पाणी प्यायली. निघताना म्हातारीने विचारलं, "तुकडा बसला काय कोनत्या गाडीले?"

"उद्या सांगते," माणिक म्हणाली.

५

दवाखान्यात ती रोज हेच करायची. जुनी फिल्म डावीकडे, नवी उजवीकडे. छातीत काय आहे ते एकट्या फिल्ममधून पुष्कळदा कळत नाही. काय बदललं, ते बघायचं.

तिने दिवाळीतला राजेगावच्या सीमेवरचा फोटो डावीकडे लावला. गाडीचा डावा पत्रा आणि दार यांच्यावरून सकाळचं ऊन एकसारखं घसरत गेलेलं. उजवीकडे अलीकडचा, भरवेलीचा. तेच ऊन दारापर्यंत चकाकत येई आणि पत्र्यावर येऊन किंचित फिकं पडे. न सांगता दिसलं नसतं. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसत नव्हतं.

मधला आठवडा नागपूरचा. गाडी घरीच होती आणि घरात एकटा रजत.

अनुरागला गाडीपासून दूर राहवत नसे. त्याने रजतला सांगून ठेवलं होतं, रोज कव्हर काढ, धूळ झटक आणि मला एक फोटो पाठव. घरच्या सगळ्यांच्या ग्रुपवर ते फोटो यायचे. सगळे थट्टा करायचे. माणिकने मोबाइलमध्ये मागे मागे जाऊन तो आठवडा काढला. पहिले फोटो समोरून, डावीकडून, कसेही काढलेले. मग पंचमीचा हाट. त्याच्या दुसऱ्या दिवशी फोटो नव्हताच, 'पोटात दुखतंय' असा निरोप होता. त्यानंतरचे सगळे फोटो मागून किंवा उजवीकडून. नागपूरहून सगळे परत येईपर्यंत एकाही फोटोने डावी बाजू दाखवली नव्हती.

हे अनुरागनेही पाहिलं असणार. कदाचित याच खुर्चीत बसून.

पण गाडी ठोकणं वेगळं आणि त्या सकाळी गाडीत असणं वेगळं. रजत म्हणाला होता, तो पहाटेच्या गाडीने गोंदियाला मित्राकडे गेला. बातमी कळल्यावर परत आला.

माणिकने कॅमेऱ्याची बॅग पलंगावर उपडी केली. लेन्स, पुसायची फडकी, बॅटऱ्या. एका लहान पाकिटात बोटाएवढा शेंदरी तुकडा होता. पोलिसांना तो फुटलेल्या गाडीचाच एक कपचा वाटला असणार. आणि तळाशी, गाडीत विखुरलेलं सामान पोलिसांनी गोळा करून भरलं त्यात, एक चेपलेला स्टीलचा डबा होता.

तिने तो हातात घेतला. अनुराग त्या गाडीत पाण्याची बाटलीही नेऊ द्यायचा नाही. मोहितने एकदा आत बसून केळं खाल्लं तर महिनाभर ऐकवत होता. हा डबा त्याने नेलेला नव्हता. झाकणावर सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं, घरातल्या प्रत्येक भांड्यावर होतं तसं. आत वाळून कडक झालेल्या दोन दशम्या.

घरात डब्याशिवाय बाहेर न पडणारा माणूस एकच होता. रजतला शाळेत असल्यापासून साखरेचा आजार. वेळेवर पोटात काही गेलं नाही तर त्याला घाम फुटायचा. म्हणून तो गल्लीच्या टोकापर्यंत निघाला तरी आई त्याच्या हातात डबा द्यायची.

माणिक डबा घेऊन उभी राहिली. दारात रजत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "तो डबा मला द्या."

६

"बस," माणिक म्हणाली.

तो पलंगाच्या कडेवर बसला. तिने डबा टेबलावर ठेवला, शेजारी शेंदरी तुकडा ठेवला.

"किरनापूरला जाऊन आले मी."

रजतने मान हलवली, जणू एवढ्याचीच वाट बघत होता. बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज चांगला स्वच्छ होता.

"एकदाच चालवायची होती. दादा कधी हात लावू देत नव्हता. म्हातारा एकदम आडवा आला... नाही. आडवा नाही आला. तो आपल्या बाजूनेच चालला होता. मी बघत नव्हतो. दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या पलीकडे एकाकडून बंपर भरून, रंगवून आणली. वाटलं, झालं. कोणाला काय कळणार आहे."

"अनुरागला कळलं."

"त्याने मला काहीच विचारलं नाही, वहिनी. म्हणाला, उद्या घाटात चल, मोहित येत नाहीये. मला बरं वाटलं. तिथे म्हणाला, आत बस, दिवे लाव, बंद कर, चाकं वळव. मी सीट पुढे घेतली, तो सांगेल तसं करत होतो. मग तो बोलायला लागला. कॅमेऱ्यातून डोळा न काढता. म्हणाला, मी त्या बाईकडे जाऊन आलो. बंपर जिथे भरलाय, तिथे तुकडा बरोबर बसतो. इथलं झालं की सरळ ठाण्यात जाऊ, मी तुझ्याबरोबर आहे. मी म्हटलं, दादा, माझी नोकरी जाईल. तर म्हणाला, थांब जरा, ऊन आत्ता चांगलं पडलंय."

माणिकने टेबलावरचा तुकडा सरळ करून ठेवला.

"ऊन चांगलं पडलंय," रजत पुन्हा म्हणाला. "मी ब्रेक सोडला. मला फक्त त्याने बोलणं थांबवायला हवं होतं. चाकं माझ्या हातांनीच वळली, हे मी नाही म्हणत नाही. शेवटी मी दार उघडून उडी मारली. तो उठलासुद्धा नाही. त्याला वाटलं असेल, मी गाडी नीट लावतोय."

"खाली गेलास?"

"नाही. जंगलातून चालत वरच्या वळणावर गेलो. बैहरची बस आली, तिच्यात बसलो."

"तो जिवंत होता का, ते पाहिलं नाहीस."

रजतने बाहीने कपाळ पुसलं. माणिकला वाटलं, आता आपण किंचाळू, नाहीतर याला मारू. तिने वाट पाहिली. तसं काही झालं नाही. उलट तिच्या लक्षात आलं की याचा चेहरा घामाने भिजलाय, जेवायची वेळ टळून गेलीय.

"काही खाल्लंस का?"

"नाही."

"खाऊन घे. मग ठाण्यात जाऊ. तू सांगशील तर तुझ्या तोंडाने होईल. नाहीतर मी सांगेन. नथ्थू आत आहे."

"आईला काय सांगू?"

"मला काही सांगायला नको." विमलाबाई आतल्या दारात उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक. नव्या चष्म्यामागे त्यांचे डोळे मोठे दिसत होते. "पहाटे दोघांना मीच दार उघडलं. डबा मीच दिला."

माणिक त्यांच्याकडे बघत राहिली. "मग तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हा बरोबर होता, एवढं माहीत होतं. पुढचं मी विचारलं नाही. एक गेला होता. दुसरा कसा देऊ?"

"आनंदी दारात आली होती. तिला तुम्ही पाणी दिलंत."

"हो," विमलाबाई म्हणाल्या. "पाणीच देता आलं."

७

रजत माणिकच्या स्कूटरवर मागे बसूनच ठाण्यात गेला. वळणांवर तो नेहमीसारखा सीटची कडी धरत होता. साधनाबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं, मग माणिकला म्हणाल्या, "आपको घर छुड़वा दूँ?" ती नको म्हणाली.

नथ्थू सुटला, पण लगेच नाही. कागदांना वेळ लागला. सुटल्यावर तो भेटायला आला नाही आणि माणिकने त्याची अपेक्षाही केली नव्हती. आनंदीने मात्र एका सकाळी गॅरेजचं कुलूप काढताना तिला रस्त्यावरून जाताना पाहिलं आणि हात जोडले.

किरनापूरला ती कबूल केल्याप्रमाणे जाऊन आली. शांताबाईला सांगितलं, तुकडा बसला, आणि ज्या गाडीला बसला ती आमची होती. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. शिव्या दिल्या नाहीत. "त्याची माय हाय काय?" एवढंच विचारलं. माणिक हो म्हणाली. "मंग जा घरी," शांताबाई म्हणाली.

घरात आता दोघीच होत्या. विमलाबाई आपल्या खोलीतून बाहेर येत नसत. माणिक दवाखान्यातून आली की स्वयंपाक करायची, त्यांचं ताट खोलीच्या दाराशी ठेवायची आणि स्वतः ओट्यापाशी उभ्याने काहीतरी गिळायची. ताट परत यायचं तेव्हा थोडंफार संपलेलं असायचं. बोलणं नव्हतं. सांत्वनाला येणारेही थांबले होते. कुणाचं सांत्वन करायचं, हेच लोकांना कळेनासं झालं होतं.

एका संध्याकाळी माणिक कणीक मळत असताना विमलाबाई स्वयंपाकघरात आल्या. भिंतीला हात लावत लावत टेबलापाशी गेल्या, खुर्ची ओढून बसल्या.

"तुझ्याशी मी बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "त्याला तूच नेलंस. ते माझ्याच्याने विसरवणार नाही."

"बरं," माणिक म्हणाली.

"पण ताट इथे वाढ. एकटीने घास उतरत नाही."

माणिकने दोन ताटं घेतली. पोळ्या, वांग्याची भाजी, वरण, भात. दोघी समोरासमोर बसल्या. बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्या होत होत्या. विमलाबाईंनी खाली मान घालून जेवायला सुरुवात केली. माणिकने वरणभात कालवला, पहिला घास तोंडात घातला, चावला, आणि थांबली.

वरणात मीठ नव्हतं. तिने भाजी चाखली. भाजीतही नव्हतं.

"आज मीठ राहिलं," ती म्हणाली.

"रोजच नसतं," विमलाबाई म्हणाल्या. "तेराव्यापासून नाही."

माणिकने ताटाकडे पाहिलं. इतके दिवस दोघी तेच खात होत्या, विमलाबाई दाराआड आणि ती ओट्यापाशी. तिला आज पहिल्यांदा ते अळणी लागलं होतं. तिने आणखी एक घास घेऊन पाहिला, तोही अळणीच लागला. तिचा हात भातातच राहिला.

विमलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. टेबलावर चाचपडत त्यांनी मिठाची वाटी शोधली आणि तिच्या ताटापाशी सरकवून ठेवली.